पांढरीवरचा पेशा: लातूर आणि नांदेडमधील लोकविकासाच्या कामाचा इतिहास

लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत लोकोपयोगी कामाची परंपरा जुनी आहे. परंतु असे काम हा एखाद्या माणसाचा पेशा होऊ शकतो, त्यासाठी शिक्षण, नेमणूक आणि मानधन असू शकते, ही कल्पना तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुजली. दान देणारा दाता, योजना राबवणारा सरकारी नोकर आणि गावाच्या वतीने बोलणारा कार्यकर्ता या तीन भूमिका या भागात वेगवेगळ्या काळी आकाराला आल्या, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर त्या प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकाच कामासाठी समोरासमोर उभ्या ठाकल्या. त्या भेटीतून जे टिकले ते दात्याने बांधलेल्या घरांपेक्षा अधिक करून गावातल्याच बायकांनी उचललेले काम होते, आणि ते काम जेथे अडले तेथे बहुतेक वेळा जमिनीच्या मालकीचा प्रश्न होता, असे या इतिहासाकडे पाहताना दिसते.

मराठवाड्यातील गावाची जुनी विभागणी काळी आणि पांढरी अशी आहे. काळी म्हणजे कसण्याची जमीन, आणि पांढरी म्हणजे घरे, देवळे, चावडी व पाणवठा असलेली वस्तीची जागा. दानधर्माचा ओघ शतकानुशतके पांढरीकडे आणि त्यातही पाण्याकडे वाहिला. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा जगत्तुंग समुद्र हा राष्ट्रकूटकालीन तलाव आजही त्या राजवटीची आठवण देतो. मराठवाडाभर विखुरलेल्या बारवा, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशा दगडी विहिरी, राजे, सरदार, सावकार आणि देवस्थाने यांच्या धर्मदायातून बांधल्या गेल्या. नांदेडमध्ये 1708 साली गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण झाले, आणि त्या स्थानी उभ्या राहिलेल्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाराच्या लंगरात जातपात न विचारता एका पंक्तीत जेवण वाढण्याची प्रथा चालत आली. बारवेचे पाणी मात्र सर्वांना सारखे मोकळे नव्हते. धर्मदायाची विहीर गावाची म्हटली जाई, तरी गावकुसाबाहेरच्या वस्तीला तिच्या पायऱ्या उतरण्याचा अधिकार नसे. दान सर्वांसाठी असल्याचे बोलणे आणि ते कोणापर्यंत पोचते याची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पाणी, जमीन आणि हवा यांचा लाभ कोणाला मिळतो आणि त्यांच्या नाशाचा भार कोणावर पडतो, या प्रश्नाला आज पर्यावरणीय न्याय असे नाव आहे. मराठवाड्यात तो प्रश्न नावाच्या कितीतरी आधीपासून पाणवठ्यावर उभा होता.

हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे लोकसेवेचे व्रत प्रथम शिक्षकांनी घेतले. स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केल्यावर त्यांनी नांदेडमध्ये उच्च शिक्षणाचा पाया घातला आणि 1950 साली तेथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. बिलोली तालुक्यातील सगरोळी येथे बाबासाहेब देशमुख यांनी 1959 साली स्थापन केलेले संस्कृती संवर्धन मंडळ आणि लातूरमध्ये डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय ही त्याच प्रवाहाची पुढची रूपे होत. या कामांमागे त्यागाची भावना होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण ज्याच्या घरी थोडीबहुत शेती किंवा दुसरा आधार आहे त्यालाच असा त्याग परवडतो, त्यामुळे भूमिहीन घरातील तरुणाला, आणि कोणत्याही घरातील बाईला, हा मार्ग सहसा बंद राहिला.

सरकारी बाजूने 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशभर सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही पदे त्यातून आली, आणि 1962 साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ती स्थिरावली. ग्रामसेवकाने बियाणे, खत, विहीर, शाळा असे सगळे एकाच पिशवीतून गावात न्यावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो वरून आलेला आदेश खाली पोचवणारा राहिला, कारण खालचे म्हणणे वर नेण्याची व्यवस्था त्याच्या कामात कोणी लिहिलेलीच नव्हती. पुढे 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांध खोदायला रस्त्यावर आली, आणि त्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, जो 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क मान्य झाला, हा देशाच्या इतिहासातील मोठा टप्पा आहे. मजुराने बांधलेल्या पाझर तलावाचे पाणी मात्र ज्याची विहीर खालच्या अंगाला असेल त्याच्या शेतात पाझरत असे. ज्याला शेतच नाही त्याच्या वाट्याला त्या तलावातली फक्त मजुरी येई.

समाजकार्य हा शिकून करण्याचा व्यवसाय आहे, हा विचार भारतात मुंबईच्या एका दानातून आला. सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने 1936 साली सुरू केलेली समाजकार्याची शाळा ही देशातील पहिली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. या संस्थेने 1986 च्या सुमारास लातूरच्या शेजारी तुळजापूर येथे ग्रामीण केंद्र उघडले, आणि त्यामुळे सर्वेक्षण करणे, गावाची सभा घेणे, तक्रारींची नोंद ठेवणे यांचे प्रशिक्षण घेतलेली माणसे भूकंपाच्या वेळी फार दूर नव्हती. उस्मानाबादमधून वेगळा होऊन 1982 साली झालेला लातूर जिल्हा तेव्हा अवघ्या अकरा वर्षांचा होता.

भूकंप पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात 1992 पासून लहान धक्के बसत होते. तरी भूकंपाच्या नकाशावर हा प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला असल्याने तेथे घरे मजबूत करण्याची कोणतीही सक्ती नव्हती. 6.2 तीव्रतेच्या त्या धक्क्यात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,000 माणसे दगावली आणि सुमारे 16,000 जखमी झाली. एवढा संहार होण्याचे कारण घरांच्या बांधणीत होते. मराठवाड्यातील जुने घर दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड अशा काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंतींचे असते. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारे लांब दगड त्यात क्वचितच घातलेले असत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर असलेले सपाट छप्पर. हे घर उन्हाळ्यात गार राहते आणि माळवदावर धान्य वाळवता येते, म्हणून ते पिढ्यानपिढ्या टिकले. धक्क्याने भिंतीचे दोन थर फुगून सुटले आणि दगडमातीचा ढीग झोपलेल्या माणसांवर कोसळला. अनेक ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा मात्र उभा राहिला होता. दोष दगडात नसून रचनेत आहे हे त्यावरून कळण्यासारखे होते. पण ज्यांनी आपली माणसे दगडाखालून काढली होती त्यांना दगडाच्या घरात पुन्हा झोपायला सांगणे शक्य नव्हते, आणि लोकांची मागणी सिमेंटच्या घरांची झाली.

मदतीचा ओघ देशभरातून आला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि पुढे वाघोलीच्या केंद्रात त्यांची सोय केली. इमारतींपेक्षा माणसाच्या पुढच्या आयुष्याचा विचार करणारे दान म्हणून त्याची वेगळी नोंद घ्यावी लागते. घरांच्या बाबतीत राज्य सरकारने 1994 साली जागतिक बँकेचे कर्ज घेऊन पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी हलवायची, काही गावे जुन्या जागीच नव्याने बांधायची, आणि 13 जिल्ह्यांतील जवळपास दोन लाख घरे मालकांनीच दुरुस्त व मजबूत करायची, असे त्याचे तीन भाग होते. पहिल्या भागात अनेक गावे देणगीदारांनी दत्तक घेतली. वृत्तपत्रे, उद्योगसमूह, धार्मिक संस्था असे दाते त्यांत होते. केरळच्या मल्याळ मनोरमा वृत्तपत्राने लातूर जिल्ह्यातील बाणेगाव बांधून दिले.

न्यायाचा प्रश्न या नव्या घरांच्या मापातच होता. सरकारने घराचा आकार जमीनधारणेवर ठरवला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 चौरस फूट, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 750 चौरस फूट. मोठ्या शेतकऱ्याला बी-बियाणे, अवजारे, जनावरे ठेवायला जागा लागते हे कारण पटण्यासारखे वाटते. परंतु भूकंपात गेलेल्या माणसांची संख्या एकरांच्या हिशेबाने ठरली नव्हती, आणि मजुराच्या घरातही सात-आठ माणसे राहतात. सारख्या मापाची घरे एकत्र बांधणे ठेकेदाराला सोयीचे असल्याने अनेक नव्या गावांत लहान घरांच्या ओळी एका अंगाला आणि मोठ्या घरांच्या दुसऱ्या अंगाला गेल्या, आणि जुन्या गावातील वेशीबाहेरची वस्ती सरळ रेषेतल्या रस्त्यांच्या नव्या आराखड्यातही वेगळी राहिली. जुन्या पांढरीवर ओसरी, ढेळज आणि एकमेकांना लागून असलेल्या भिंती होत्या. नव्या जागी सुट्या घरांमध्ये मोकळी जागा होती, शेत लांब पडले होते आणि गुरे बांधायला गोठा नव्हता. ही घरे भक्कम होती आणि त्यांनी भीती कमी केली, हे खरे. ती कोणाला विचारून बांधली गेली, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक गावांत समाधानकारक नव्हते.

तिसऱ्या भागाची, म्हणजे दुरुस्तीच्या कामाची, गोष्ट वेगळी आहे, आणि या पेशाच्या इतिहासात तीच अधिक महत्त्वाची ठरते. येथे ठेकेदार नव्हता. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या बँक खात्यावर येणार, काम त्याने करून घ्यायचे आणि अभियंत्याने तपासल्यावर पुढचा हप्ता सुटणार, अशी पद्धत होती. विखुरलेल्या शेकडो गावांत ती चालण्यासाठी अभियंत्यांची भाषा गावाला आणि गावाची अडचण अभियंत्यांना समजावणारे कोणीतरी हवे होते. मुंबईत पदपथावर राहणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या संस्थेतून पुढे आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेवर सरकारने लोकसहभागाची जबाबदारी सोपवली. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली चाललेली ही संस्था पुढे 1998 साली स्वतंत्रपणे नोंदली गेली. तिने सुचवलेली व्यवस्था साधी होती: प्रत्येक गावातील महिला मंडळ जागे करायचे आणि त्यातून संवाद सहायक नेमायची, जिला शासनाच्या कार्यक्रमातूनच मानधन मिळेल.

संवाद सहायकेचे काम वरवर किरकोळ दिसते. कोणाचे घर यादीत आहे, कोणाचे सुटले आहे, पहिला हप्ता आला का, भिंतीच्या दोन थरांना सांधणारे दगड गवंड्याने खरोखर घातले का, माळवदावरची जादा माती उतरवली का, कोपऱ्यांना बांधणी दिली का, हे घरोघर जाऊन पाहायचे. ग्रामसभेत मोठ्याने सांगायचे. आणि तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचारायचे. परंतु ज्या गावात सासऱ्यासमोर सुनेने डोक्यावरचा पदर ढळू न देता गप्प उभे राहायचे असा शिरस्ता होता, तेथे चावडीवर उभे राहून अभियंत्याला प्रश्न विचारणारी बाई ही नवी गोष्ट होती, आणि तिला तो अधिकार नेमणुकीच्या कागदाने दिला होता. दात्याच्या दानाने आणि कार्यकर्त्याच्या त्यागाने जे साधले नव्हते ते येथे एका माफक मानधनाने साधले: गावातली, फारशी न शिकलेली, स्वतः भूकंप सोसलेली बाई ही लोकविकासाच्या कामाची व्यावसायिक झाली. लोकांशी बोलणे हेही बांधकामाइतकेच काम आहे आणि त्यालाही पैसे द्यावे लागतात, ही कबुली राज्याने दिली, हे किल्लारीच्या पुनर्वसनाचे सर्वात मोठे श्रेय मानावे लागेल.

कार्यक्रम 1998 च्या सुमारास संपला आणि मानधनही थांबले. महिला मंडळे मात्र बचत गटांकडे, पाणीपुरवठ्याच्या समित्यांकडे, रेशन आणि आरोग्य केंद्रांच्या कामाकडे वळली. कच्छमध्ये 26 जानेवारी 2001 रोजी भूकंप झाल्यावर लातूर-उस्मानाबादच्या बायका तेथील गावांत गेल्या आणि घरबांधणीत काय विचारायचे, कशावर देखरेख ठेवायची हे त्यांनी कच्छी बायकांना सांगितले. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही हाच अनुभव कामी आला. भाषा येत नसताना विटेवर वीट ठेवून समजावलेले ते ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमातून आलेले नव्हते.

भूकंप एकदाच होतो, दुष्काळ मात्र परतून येतो. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी फक्त झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. तो साठा लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. मांजरा नदीच्या खोऱ्यात 1980 नंतर धनेगावच्या धरणाच्या आणि साखर कारखान्यांच्या आधाराने ऊस वाढला. उसाने अनेक शेतकरी कुटुंबांना हमीचा पैसा मिळवून दिला, हे विसरून चालणार नाही. पण दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी मागणारे पीक जेथे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो तेथे घेतले की उरलेले पाणी जमिनीखालून उपसावे लागते, आणि ज्याची कूपनलिका अधिक खोल त्याला ते अधिक मिळते. पाऊस 2014 आणि 2015 साली ओळीने हुकला. लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. ‘जलदूत’ म्हणून ओळखली गेलेली ही गाडी पुढे एका फेरीत पंचवीस लाख लिटर आणू लागली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत धावली. त्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’ या नावाने नागरिकांनी वर्गणी जमवून साई आणि नागझरी परिसरात मांजरेच्या पात्रातील गाळ काढला. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक यांनी उभारलेला तो निधी म्हणजे बारवेच्या धर्मदायाची आधुनिक आवृत्ती होती. रेल्वेचे पाणी शहराचे होते. खेड्यातली बाई टँकरची वाट पाहत राहिली, आणि टँकर आला तरी हंड्यांच्या रांगेत कोणाची वस्ती आधी, हा जुना प्रश्न सुटलेला नव्हता.

याच सुमारास स्वयं शिक्षण प्रयोगाच्या सख्यांनी, म्हणजे गावोगावच्या प्रशिक्षित बायकांनी, लातूर, उस्मानाबाद आणि पुढे नांदेड, सोलापूर या जिल्ह्यांत एक एकराच्या शेतीचा आग्रह धरला. कुटुंबाच्या जमिनीपैकी एक एकर किंवा अर्धा एकर बाईच्या निर्णयावर सोडायचा. त्यावर ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला अशी कमी पाण्याची खाण्याची पिके घ्यायची. गांडूळ खत आणि घरच्या बियाण्यावर भर द्यायचा, म्हणजे उसाचे किंवा सोयाबीनचे पीक बुडाले तरी घरात खायला उरेल, असा त्यामागचा विचार होता. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामासाठी संस्थेला 2016 चे इक्वेटर पारितोषिक दिले. प्रेमा गोपालन 2022 साली वारल्या, पण तोपर्यंत काम गावातील बायकांच्या हातात पुरते गेले होते.

तरीही ज्या घरात एक एकरही नाही तेथे हा मार्ग पोचत नाही, आणि घराच्या चौरस फुटांत दिसलेली रेषा येथे पुन्हा दिसते. जमिनीसाठी झगडणारा प्रवाह मराठवाड्यात स्वतंत्रपणे वाहत आला आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1964 साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला; गावाच्या चराईसाठी राखलेली गायराने दलित कुटुंबांनी कसायला घेतली. ती कसणाऱ्यांच्या नावे करण्याचे शासननिर्णय 1978 आणि 1991 साली निघाले. ॲड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने 1990 च्या दशकापासून मराठवाड्याच्या गावोगावी या निर्णयांची अंमलबजावणी मागितली, आणि त्यासाठी मारहाण, बहिष्कार, खटले सोसले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. गायरान हे गावाच्या पर्यावरणाचे राखीव कुरण आहे आणि भूमिहीनाच्या पोटाचा शेवटचा आधारही आहे. या दोन बाजूंत निवाडा करताना गायरानाचा मोठा भाग धनदांडग्यांनी, संस्थांनी आणि सरकारी इमारतींनी आधीच व्यापलेला असतो, ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर पर्यावरणाच्या नावाने दुबळ्यावरच कारवाई होते.

जागतिक बँकेच्याच साहाय्याने 2018 साली सुरू झालेला, ‘पोकरा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प लातूर आणि नांदेडसह मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांत पोचला. त्यात गावपातळीवर समिती असते, आणि शेतकऱ्यांना माहिती देण्यासाठी गावातलीच एक बाई ‘कृषीताई’ म्हणून नेमली जाते. संवाद सहायकेची ही पुढची पिढी आहे. तिच्या मागे आता पाव शतकाचा अनुभव उभा आहे, आणि ग्रामसभेत ती बोलायला उभी राहिली तर कोणाला नवल वाटत नाही. ज्या ठिबक संचांची, शेततळ्यांची आणि फळबागांची माहिती ती घरोघर सांगते त्यांचे अनुदान मात्र शेतजमिनीच्या उताऱ्यावर मिळते, आणि त्या उताऱ्यावर नाव बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते. भूमिहीन घरांसाठी तिच्या यादीत शेळीपालन, परसातील कोंबडीपालन अशा मोजक्याच बाबी असतात.